शाब्दिक उदाहरणांचे एक वर्ष : तिसरी-चौथीच्या वर्गातील अनुभव

एप्रिल २०२५ च्या अखेरीस संकलित मूल्यमापनाच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या, प्रगतिपत्रके भरून झाली आणि २०२४-२५ हे शैक्षणिक वर्ष माझ्यापुरते संपले. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गावापासून थोड्या अंतरावरील वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी आणि चौथी हे दोन वर्ग एकत्र शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरी सहकारी सरांकडे असतात. या वर्षी मी एकच गोष्ट मनाशी धरली होती : शाब्दिक उदाहरण समोर आल्यावर मुलांनी माझ्या तोंडाकडे न पाहता उदाहरणाकडे पाहावे. त्यासाठी काय केले, कुठे अडले, किती खर्च आला आणि कोणते कागद सांभाळावे लागले, हे येथे क्रमाने लिहीत आहे. बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या अनेकांना हाच प्रश्न सतावतो, हे आमच्या केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दर वेळी कानावर येते.

१५ जून २०२४ रोजी शाळा उघडली. प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप, गणवेशाची मापे, आधार आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतील दुरुस्त्या यांत पहिले दोन आठवडे जातात, ते याही वर्षी गेले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पायाभूत चाचणी, म्हणजे वर्षारंभी मुलांना काय येते ते पाहणारी परीक्षा, झाली. गणिताचा पेपर तपासताना जे दिसले ते नवे नव्हते, पण या वेळी मी ते वेगळ्या कागदावर मांडून ठेवले. हातच्याची बेरीज आणि वजाबाकी नुसत्या आकड्यांत दिली असता बहुतेक मुलांना जमत होती. तीच क्रिया दोन वाक्यांच्या गोष्टीत गुंडाळून आली की काहींनी जागा कोरी सोडली होती, तर काहींनी दिसतील ते दोन आकडे घेऊन सरळ बेरीज केली होती. वर्गात एरवी हीच मुले विचारतात, “मॅडम, मिळवू का वजा करू?” चाचणीत ते विचारण्याची सोय नसते. गुण शिक्षण विभागाच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे होते आणि वस्तीवर नेटवर्क संध्याकाळनंतरच मिळते, त्यामुळे ते काम घरी बसून रात्री केले. चॅटबॉटला फक्त गुण हवे असतात. मूल कुठे अडले याची नोंद आपल्यालाच ठेवावी लागते. गुण भरण्यापूर्वी प्रत्येक मुलासाठी एकेक ओळ लिहून ठेवा, असे मी आवर्जून सांगेन, कारण एकदा गठ्ठा बांधून ठेवला की तो पुन्हा सोडला जात नाही.

त्याच आठवड्यात मी मुलांना एक प्रश्न दिला : “एका गोठ्यात ७ गाई आणि ५ शेळ्या आहेत, तर गोठ्याच्या मालकाचे वय किती?” हा प्रयोग माझा नाही. १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोबल येथे गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतील ९७ मुलांना जहाजावरच्या मेंढ्या-बकऱ्यांची संख्या देऊन कप्तानाचे वय विचारले होते आणि त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून ते काढूनही दाखवले होते. माझ्या वर्गातही बहुतेक पाट्यांवर १२ हा आकडा आला. चौथीतल्या एका मुलाने १२ लिहिले आणि वर म्हणाला, “पण मालक तर मोठा असंल ना?” मी विचारले, मग १२ का लिहिलेस? तो म्हणाला, “गणितात असंच येतं.”

ते उत्तर मनात घर करून राहिले. मुलाला शंका आली होती, ती बरोबर होती, आणि तरीही गणिताच्या तासाला ती बाजूला ठेवायची असते असे त्याला वाटत होते. मूल मंद आहे किंवा घरी लक्ष दिले जात नाही, अशी कारणे यानंतर मला पटेनात. उदाहरण म्हणजे आकडे वेचून त्यांवर क्रिया करणे, अशी मुलांची समजूत झालेली असते, आणि “एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी” हा सर्वत्र रुळलेला मंत्र तीच समजूत पक्की करतो. “समीरकडे १४ गोट्या आहेत. त्या राजूच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर राजूकडे किती?” येथे ‘जास्त’ हा शब्द वाचताच मुले १९ लिहून मोकळी होतात. म्हणून ऑगस्टपासून हा मंत्र वर्गातून पूर्णपणे बाद केला. भिंतीवरचा त्याचा तक्ताही उतरवला.

त्या जागी काय आणायचे, हा खरा प्रश्न होता. हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : प्रश्न समजून घेणे, योजना ठरवणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. प्रशिक्षणांत आपण त्या ऐकलेल्या असतात. माझ्या अनुभवात सगळे अडते ते पहिल्या पायरीवर, म्हणून पहिले दोन महिने मी तिथेच घालवले. फळ्यावर उदाहरण लिहिताना शेवटचा प्रश्न लिहीतच नसे. “एका दुकानात ४५ वह्या होत्या. सकाळी १८ विकल्या गेल्या. दुपारी आणखी २० आल्या.” एवढेच लिहायचे आणि विचारायचे, या गोष्टीवरून काय काय विचारता येईल? सुरुवातीला शांतता असे. मग कोणीतरी म्हणे, “सकाळी किती उरल्या.” दुसरा म्हणे, “आता किती आहेत.” एकदा तिसरीतल्या मुलीने विचारले, “सकाळपेक्षा आता वह्या जास्त आहेत का कमी?” हा प्रश्न उत्तर न काढताही सोडवता येतो, कारण विकल्या त्यापेक्षा जास्त आल्या, हे तिनेच समजावून सांगितले.

दुसरी रीत म्हणजे आकडे झाकणे. संख्यांच्या जागी रिकामे चौकोन ठेवून उदाहरण वाचायचे, गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची, उत्तर मोठे येईल की लहान हे ठरवायचे आणि मगच चौकोनांत संख्या भरायच्या. आकडे नसले की मुलांना वेचायला काही उरत नाही आणि गोष्ट ऐकण्यावाचून गत्यंतर नसते.

या काळात मला सर्वांत कठीण गेले ते गप्प बसणे. उदाहरण वाचून झाल्यावर दोन मिनिटे पेन्सिल हातात घ्यायची नाही आणि मॅडमनीही बोलायचे नाही, असा नियम केला होता. दोन मिनिटे किती लांब असतात ते वर्गासमोर उभे राहिल्यावर कळते. मुले बस्करावर चुळबुळ करतात, शेजारच्या वर्गातून पाढ्यांचा आवाज येतो, आणि आपण वेळ वाया घालवत आहोत की काय, अशी शंका मनात येऊ लागते. सप्टेंबरपर्यंत ती शंका गेली नाही. अभ्यासक्रम मागे पडत होता. घटक नियोजनात भागाकार सुरू व्हायला हवा होता आणि आम्ही अजून बेरीज-वजाबाकीच्या गोष्टींवरच होतो. केंद्रप्रमुख भेटीला आले तेव्हा त्यांनी नियोजन आणि अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलांना काय यायला हवे याची ठरलेली यादी, यांचा मेळ विचारला, तो रास्तच होता. रोजच्या पाठाची टिपणे ठेवण्याच्या टाचणवहीत मी कामापुढे ०४.७१ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे चौथीच्या गणिताच्या, निष्पत्तींचे क्रमांक लिहीत होते, त्यामुळे काय चालले आहे ते दाखवता आले. वेगळ्या पद्धतीने शिकवायचे असेल तर टाचण अधिक काटेकोर ठेवावे. आपल्या स्वातंत्र्याचे रक्षण तेच करते.

सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवाची सुट्टी संपल्यावर पट्ट्यांच्या आकृत्या सुरू केल्या. सिंगापूरमधील प्राथमिक शाळांसाठी १९८० च्या दशकात विकसित झालेली ही रीत आता अनेक देशांत वापरली जाते. संख्या आयताकृती पट्टीने दाखवायची, ज्ञात भागावर संख्या आणि अज्ञात भागावर प्रश्नचिन्ह लिहायचे. गोट्यांच्या उदाहरणात समीरची पट्टी लांब, तिच्यावर १४. खाली राजूची आखूड पट्टी, आणि दोघींच्या टोकांमधील फरकावर ५. पट्टी काढल्यावर १९ हे उत्तर टिकत नाही, कारण राजूची पट्टी समीरच्या पट्टीपेक्षा लांब काढावी लागते आणि गोष्ट तसे सांगत नाही. प्रथम हे कागदाच्या खऱ्या पट्ट्या कापून जमिनीवर केले, मग पाटीवर, मग वहीत. शाळेला मिळालेल्या गणित साहित्याच्या पेटीतील दशक दांडे आणि मोजण्याची मण्यांची गणितमाळ याच सुमारास कपाटातून बाहेर काढून कायमची खिडकीत ठेवली, म्हणजे मूल न विचारता उठून ती घेऊ शकेल.

खर्चाविषयी. रंगीत कार्डशीट, कागदाचे दोन रीम, प्रत्येक मुलासाठी एक पाटी, खडू, मणी आणि चिकटपट्टी या सर्वांचा वर्षाचा खर्च २००० रुपयांच्या आत राहिला. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार मिळते. ३१ ते १०० पटाच्या शाळेसाठी त्याची मर्यादा वर्षाला २५,००० रुपये आहे. पण ते हप्त्यांनी येते, त्यातून वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता असे सगळेच भागवायचे असते आणि खर्चाला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो. जूनमध्ये अनुदानाची वाट पाहत बसले असते तर पाट्या दिवाळीनंतर आल्या असत्या. म्हणून आधी स्वतःचे पैसे घातले, पक्की बिले शाळेच्या नावाने घेतली आणि ठराव झाल्यावर त्यांतील काही रक्कम मिळाली. बिल शाळेच्या नावाने घेणे विसरू नये. नंतर दुकानदार नाव बदलून देत नाहीत.

सप्टेंबरमध्येच शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एका पालकांनी विचारले, “मॅडम, वहीत एका पानावर एकच गणित दिसतं. निफाडला क्लासला जाणाऱ्या पोरांच्या वह्या भरलेल्या असतात.” त्यांची काळजी मनापासून होती आणि ती मला समजत होती, भरलेली वही हाच पालकांना दिसणारा अभ्यास असतो. मी त्यांना सोमवारी सकाळी वर्गात येऊन बसण्याची विनंती केली. ते आणि आणखी दोन आया आल्या. मुले एकाच उदाहरणावर जवळपास वीस मिनिटे बोलली, तीन वेगवेगळ्या रीतींनी उत्तरापर्यंत पोहोचली आणि एका रीतीत चूक कुठे झाली ते मुलांनीच शोधले. जाताना ते पालक फारसे काही बोलले नाहीत, पण पुढच्या सभेत वहीचा विषय निघाला नाही. पालकांना अहवाल वाचून दाखवण्यापेक्षा तास दाखवावा.

ऑक्टोबरच्या अखेरीस पहिली संकलित चाचणी आणि लगेच दिवाळीची सुट्टी आली. त्यानंतर विधानसभा निवडणूक होती. प्रशिक्षणे, साहित्य ताब्यात घेणे, २० नोव्हेंबरचे मतदान, यांत माझा आणि सरांचा बराच वेळ गेला आणि मुलांची घडी विस्कटली. हे दर काही वर्षांनी होणारच, म्हणून नियोजनात नोव्हेंबर हलकाच धरावा.

पण त्याच नोव्हेंबरमध्ये वर्षातला सर्वांत चांगला तास मिळाला. सुट्टीत मुलांना एकच गृहपाठ दिला होता : घरात, शेतात, बाजारात दिसलेल्या गोष्टीवरून स्वतः एक उदाहरण तयार करून आणायचे. टोमॅटोचे २० किलोचे कॅरेट, दुधाची कॅनं, ठिबकच्या नळ्या, बसचे अर्धे तिकीट असे बरेच काही आले. आई द्राक्षबागेत डिपिंगच्या, म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवण्याच्या, कामाला जाते अशा एका मुलीने लिहिले होते : “३० बायका बागेत कामाला जायच्या आहेत. एका गाडीत ८ जणी बसतात. किती गाड्या लागतील?” सगळ्यांनी पाटीवर भागाकार केला. भागाकार ३, बाकी ६. बऱ्याच पाट्यांवर उत्तर म्हणून ३ लिहिलेले होते आणि काहींवर “३ बाकी ६”. मी काही बोलले नाही. ज्या मुलीचे उदाहरण होते ती उठली, पाट्या पाहत फिरली आणि म्हणाली, “माझी आई त्या सहा जणींत असली तर?” वर्ग एकदम गप्प झाला. मग एकाने ३ पुसून ४ केले. दुसरा म्हणाला, चौथ्या गाडीत दोन जागा मोकळ्या राहतील. तिसऱ्याने सांगितले की मुकादम चौथी गाडी आणणारच नाही, प्रत्येक गाडीत दोन-दोन जास्त बसवील. मी तोही पर्याय फळ्यावर मांडला : ३ गाड्या, प्रत्येकी १० जणी, बेरीज ३०, आणि आठच्या गाडीत दहा बसवणे बरोबर का, यावर मुले बोलली. बाकीचे काय करायचे हे गोष्ट ठरवते, ही गोष्ट त्या दिवसापासून पुन्हा शिकवावी लागली नाही.

डिसेंबरमध्ये शनिवारचा वेळ गणिती कापरेकरांसाठी दिला. ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमामुळे शनिवारी पुस्तकाबाहेरचे काम करण्यास मोकळीक असते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे आमच्याच जिल्ह्यातील देवळाली येथे शाळाशिक्षक होते, आणि ६१७४ ही संख्या आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या करायची, वजाबाकी करायची आणि आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करायचे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. आम्ही चालू वर्षाची, म्हणजे २०२४ ही संख्या घेतली. ४२२० वजा ०२२४ म्हणजे ३९९६. ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. मग प्रत्येकाने आपली संख्या निवडली. हातच्याची वजाबाकी एरवी दहा करायला कंटाळणारी मुले मधल्या सुट्टीतही पाट्या सोडेनात, आणि ६१७४ आले नाही तर चूक आपली आहे हे त्यांना ठाऊक असल्याने ती मागे जाऊन पायरीपायरीने शोधत होती. मला तपासावे लागले नाही.

जानेवारीत एक अडचण ठळक झाली. चार-पाच चुणचुणीत मुले इतकी पुढे गेली की उदाहरण वाचून होताच त्यांचे हात वर जात आणि बाकीची विचार करणे थांबवत. यावर दोन उपाय केले. उत्तर तोंडी सांगायचे नाही, सगळ्यांनी पाटीवर लिहून एकदम वर धरायचे. आणि ज्याचे उत्तर आले आहे त्याने उत्तर न सांगता जोडीदाराला फक्त प्रश्न विचारायचा : तुला काय माहीत आहे, काय शोधायचे आहे, चित्र कसे काढशील? दुसरा उपाय रुळायला महिना लागला, कारण उत्तर पोटात ठेवणे लहान मुलांना फार जड जाते. चुकीच्या रीतींसाठी वहीची डावी बाजू राखून ठेवली आणि तिथले काही खोडायचे नाही असे ठरवले. तरीही तिसरीतला एक मुलगा चुकले की पाटी उलटी ठेवून डोळे भरून बसत असे. त्याच्याजवळ रोज पाच मिनिटे बसून केवळ गोष्ट ऐकून घेण्याखेरीज मी काही वेगळे केले नाही. तो मार्चपर्यंत पाटी सरळ ठेवू लागला.

फेब्रुवारीत अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले गुंतागुंतीचे हिशेब मनातल्या मनात अचूक करतात, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या उदाहरणांत अडतात. आणि फक्त शाळेत शिकणाऱ्या मुलांचे नेमके उलट होते, असे त्यात दिसून आले. माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे. आठवडे बाजारात वडिलांच्या भाजीच्या दुकानावर तो ३५ रुपये पावशेरच्या लसणाचे पाऊण किलोचे १०५ रुपये एका दमात सांगतो, आणि वहीत ३५ गुणिले ३ मांडताना हातचा विसरतो. त्याला विचारले, कसे काढलेस? म्हणाला, “दोन पावशेरचे सत्तर, अन् वरचे पस्तीस.” ते मी त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिले आणि शेजारी गुणाकार मांडून दोन्हींत ७० आणि ३५ कुठे आहेत ते शोधायला सांगितले. आपला हिशेबही गणितच आहे, हे त्याला प्रथमच कोणी सांगितले असावे. तो बराच वेळ फळ्याकडे बघत होता.

मार्चमध्ये निपुण महाराष्ट्र या वाचन-लेखन आणि गणिताचा पाया पक्का करण्याच्या सरकारी अभियानाचा कृती कार्यक्रम आला आणि त्यासोबत नोंदींचे नवे तक्ते. त्यातील चावडी वाचन व गणन, म्हणजे मुलांनी गावकऱ्यांसमोर वाचून आणि गणिते सोडवून दाखवणे, आम्ही मारुतीच्या पारावर घेतले. गावकऱ्यांसमोर मुले घाबरतील, ही मला धास्ती होती. एका आजोबांनी विचारले, “पंधरा क्विंटल कांदा, बाराशे रुपये भाव, आठशे रुपये भाडं गेलं, तर हातात काय?” चौथीतल्या मुलीने लगेच उत्तर दिले नाही. तिने आधी विचारले, “आजोबा, भाडं सगळ्या मालाचं आठशे का एका क्विंटलचं?” आजोबा म्हणाले, सगळ्या मालाचं. मग तिने पाटीवर १८,००० मधून ८०० वजा करून १७,२०० लिहिले. तिचा तो उलटा प्रश्न ऐकून मला जे वाटले ते लिहून सांगण्यासारखे नाही.

एप्रिलच्या परीक्षेत सगळी उदाहरणे सगळ्यांची बरोबर आली, असे झाले नाही. दोन पायऱ्यांच्या उदाहरणांत अजून बरीच मुले पहिल्या पायरीवर थांबतात आणि भागाकाराचा सराव कमी पडला हे स्पष्ट दिसते. कोऱ्या जागा मात्र जवळजवळ नव्हत्या. उत्तर चुकले तेथेही समासात पट्टी किंवा चित्र होते, त्यामुळे मूल कुठपर्यंत गेले ते समजत होते.

चौथीची मुले आता पाचवीसाठी गावातल्या विद्यालयात जातील. दाखला आणि प्रगतिपत्रकासोबत मी प्रत्येकाच्या वर्णनात्मक नोंदीत एकेक ओळ जास्तीची लिहिली आहे : हा चित्र काढून विचार करतो, हिला आधी बोलून घ्यावे लागते, याला आकडे पैशांत दिले की पटकन समजते. १६ जूनला विद्यालय उघडल्यावर तेथील गणिताच्या बाईंना भेटून त्या ओळी वाचून दाखवायच्या आहेत, आणि डाव्या पानावर काही न खोडण्याची सवय चालू ठेवता येईल का, ते विचारायचे आहे. त्यांनी हो म्हटले तर पाचवीसाठी लागणाऱ्या पट्ट्या मी येथूनच कापून देणार आहे.